डिझेल पिकअप काढून इलेक्ट्रिक घ्यायची म्हणताय? आधी लाईटचं बिल काढा

(आमच्या गॅरेजच्या गिऱ्हाईकांसाठी)

हल्ली गाडी सर्व्हिसिंगला लावता लावता बरेच मालक विचारायलेत, इलेक्ट्रिक घेऊ काय ओ, परवडतंय काय. फोनवर सगळं सांगत बसायला जमत नाही म्हणून हे छापलंय. आम्ही गाड्या विकत नाही, दुरुस्ती करतो आणि चार्जिंग पॉइंट बसवतो, त्यामुळं घ्याच म्हणून मागं लागणार नाही.

सगळे पहिलं रेंज विचारतात, म्हणजे एका चार्जमध्ये किती किमी जाते ते. आम्ही विचारतो रात्री गाडी कुठं लागते. बेळगावच्या शहापुरात, वडगावात गल्लीतच गाडी लावायची आणि वरच्या मजल्यावरनं वायर सोडायची असं असेल तर नको, खरंच नको. टाटाची एस ईव्ही, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीची इलेक्ट्रिक, 2022 ला आली, पहिल्या मॉडेलची बॅटरी 21.3 युनिटची. चार्जिंगमध्ये थोडं वाया जातंय, मीटरवर 23-24 युनिट पडतात असं धरा. 16 अँपियरच्या पॉइंटवर तासाला साधारण तीन युनिट, म्हणजे रिकामी गाडी फुल व्हायला सात-आठ तास. एवढा वेळ पूर्ण लोड ओढायचा तर वायर जाड पाहिजे, पॉइंट वेगळा पाहिजे आणि अर्थिंग नीट पाहिजे, जुन्या घरात अर्थिंगची वायर कुठंतरी भिंतीत संपलेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो.

आता बिलाचं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घराच्या आधीच्या सरासरी वापराहून थोडी जास्त, पण जास्तीत जास्त 200 युनिटपर्यंत लाईट फुकट आहे, 200 च्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतंय, नुसतं वरचं नाही. गाडीला रोज 20 युनिट धरले तरी दहा दिवसांत 200 झाले, मग घरातल्या फॅन-मिक्सरचं पण बिल आलं. म्हणून हेस्कॉमकडं, म्हणजे आपल्या वीज कंपनीकडं, गाडीसाठी वेगळा मीटर मागा, ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा असतोय. आणि शेतातल्या मोटरच्या कनेक्शनवर गाडी लावायचा विचार काहींच्या डोक्यात येतोय, ते फुकट आहे ते पाण्यासाठी, गाडी लावली की दंड.

पैशाचा हिशेब असा करा. डिझेल 90 रुपये आणि लिटरला 15 किमी धरलं तर 100 किमीला 600 रुपये. इलेक्ट्रिकला 24 युनिट, 8 रुपयांनी धरा, 200 च्या आत. 400 सुटले. रोज 80 किमी फिरत असाल तर महिन्याला आठ हजारभर उरतील, त्यातनं हप्त्यातला फरक जातोय काय बघा. रोज 30 किमीच फिरणार असाल तर आहे ती डिझेल चालवा, उगीच कर्ज कशाला. क्लच प्लेट, इंजेक्टर, ऑइल हा खर्च जातोय हे खरं, पण टायर, सस्पेन्शन, कूलंट राहतंयच, आणि एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी पण असते, ती बसली तर मोठी फुल असून गाडी चालू होत नाही.

एस ईव्हीची रेंज कागदावर 154 किमी आहे, आमच्या मते लोड घालून 100 धरा. खानापूर जाऊन-येऊन 55, आरामात. संकेश्वर जाऊन-येऊन 100 च्या आसपास, काठावर. निपाणी, कोल्हापूर मधे चार्जिंग केल्याशिवाय नाही. उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, ज्यांचं कास्टिंग पाच-सात किमीवरच्या मशिन शॉपला जातंय, त्यांना हे एकदम बसतंय. फक्त वजन पाळा, मोटरला जोर भरपूर असतो त्यामुळं ओव्हरलोड केलेलं ड्रायव्हरला कळत नाही, पण रेंज सटासट खाली येते.

गोव्याला भाजी नेणाऱ्यांची एक गंमत आहे. माल भरून चोर्ला घाट उतरायचा आणि रिकामं वर यायचं, डिझेलला उतारात काही मिळत नाही, नुसते ब्रेक तापतात, इलेक्ट्रिकला मात्र भरलेल्या गाडीच्या वजनानंच बॅटरीत थोडं परत येतंय. जांबोटी-कणकुंबीपर्यंत बॅटरी थोडी उतरलेली असते म्हणून हे जमतंय, फुल बॅटरीत परत काही घालता येत नाही. पण पणजी एका बाजूलाच सव्वाशे किमीच्या आसपास, तेव्हा छोट्या बॅटरीवर हे गणित बसत नाही, वाटेत किंवा तिकडं माल उतरवताना फास्ट चार्जिंग पाहिजेच, आणि ते सगळ्या मॉडेलला नसतंय, घेताना विचारा.

सबसिडी मिळते म्हणून कोण सांगत असेल तर नीट ऐका, केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये ट्रकची सवलत साडेतीन टनाच्या वरच्या गाड्यांना आहे, छोट्या पिकअपला नाही. रजिस्ट्रेशन फी मात्र माफ आहे. पत्ता महाराष्ट्रातल्या चंदगडचा आणि धंदा बेळगावात असं बऱ्याच जणांचं असतंय, गाडी कायम जिथं राहणार तिथलंच पासिंग करा, नाहीतर नंतर आरटीओत हेलपाटे.

यायचं असेल तर शेवटचं लाईट बिल आणि आठवड्याभरात गाडी कुठं कुठं गेली त्याचा कागद घेऊन या. अर्थिंग बघायला आमचा माणूस घरी येतो, त्याचे पैसे नाहीत. रविवारी बंद.