कीबोर्डाचा ताणा-बाणा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात भाच्याने तीन कीबोर्ड काउंटरवर मांडून घेतले, तसं दुकानदाराने आधी वरची ट्यूबलाइट बंद केली. अंधारात तिन्ही कीबोर्ड गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांसारखे झगमगायला लागले. भाचा हरखलाच. "मामा, हाच घेऊ. अकराशेला आहे, गेमिंगचा आहे, लाइट बघ कसली!"

मी म्हटलं, दादा, लाइट लावा आणि हे जरा कॉम्प्युटरला जोडून द्या.

नोटपॅड उघडलं. दोन्ही हातांच्या करंगळ्यांनी डावी-उजवी शिफ्ट दाबून धरायची आणि उरलेल्या बोटांनी टायपिंग शिकवताना देतात ते 'द क्विक ब्राऊन फॉक्स' हे इंग्रजी वाक्य टाइप करायचं. बोटांची कसरत होते, पण होते. पहिल्या कीबोर्डने मधली चार-पाच अक्षरं चक्क गिळली. दुकानदार म्हणाला, "तुम्ही दाबलंच नाही नीट." मग त्याने स्वतः दाबून पाहिलं आणि गप्प बसला.

अक्षरं जातात कुठे, हे सोलापूरकराला समजावणं फार सोपं आहे, कारण कीबोर्डाच्या पोटात चादरीसारखाच ताणा-बाणा असतो. पूर्ण कीबोर्डाला साधारण १०४ बटणं. प्रत्येकाची वेगळी तार आत बसलेल्या चिपपर्यंत न्यायची म्हटलं तर तारांचं जंजाळ होईल, आणि चिपला तेवढे पाय आणायचे कुठून? म्हणून उभ्या आणि आडव्या तारांची जाळी विणतात. सहा आडव्या आणि अठरा उभ्या तारा घेतल्या, तर १०८ ठिकाणी त्या एकमेकींना ओलांडतात आणि एकूण तारा लागतात फक्त २४. प्रत्येक छेदावर एक बटण. एरवी तिथे तारा एकमेकींना शिवत नाहीत. बटण दाबलं की शिवतात. चिप एकेका आडव्या तारेवर सिग्नल सोडते आणि तो कोणत्या उभ्या तारेतून बाहेर पडला ते बघते. हा फेरा सेकंदाला शेकडो वेळा चालतो.

एक बटण दाबलं तर प्रश्नच नाही, दोन दाबली तरी चालतं. घोळ होतो तो तिसऱ्या बटणाला. समजा जाळीत एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर क्यू, डब्ल्यू, ए आणि एस आहेत, आणि तुम्ही पहिली तीन एकदम दाबलीत. आता वीज त्या तीन जोडांतून वळसा घालून चौथ्या कोपऱ्याच्या तारेवरही पोचते. एसला कोणी हातही लावलेला नाही, पण चिपला ते दाबल्यासारखं दिसतं. यालाच घोस्टिंग म्हणतात. न दाबलेल्या बटणाचं भूत. हे भूत स्क्रीनवर उमटू नये म्हणून स्वस्त कीबोर्डातली चिप सरळ हात वर करते: संशय आला की तिसरं बटणच नाकारायचं. दोन शिफ्ट आधीच दाबलेल्या, म्हणजे प्रत्येक अक्षर तिसरं बटण; आमच्या वाक्यातली अक्षरं अशी गेली. गेममध्ये याचा अर्थ एवढाच, की पळता पळता उडी मारायची वेळ आली आणि गडी उडालाच नाही.

यावरचा पक्का इलाज म्हणजे प्रत्येक बटणामागे एक डायोड. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता, त्यातून प्रवाह उलटा शिरत नाही, त्यामुळे वळसाच बंद होतो. भाग अगदी किरकोळ किमतीचा. पण स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डात तो बसवायचा कशावर? तिथे तारा म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर वीजवाहक शाईने छापलेल्या रेषा. वर एक पत्रा, खाली एक पत्रा, मध्ये भोकं असलेला तिसरा, आणि त्यावर रबराच्या छोट्या टोप्या. टोपी दबली की भोकातून वरची रेष खालच्या रेषेला टेकते. असल्या पत्र्यावर डाग देऊन डायोड बसवणं कठीण. म्हणून कंपन्या दुसरी युक्ती करतात. डब्ल्यू, ए, एस, डी, स्पेस, शिफ्ट अशी खेळात एकदम लागणारी बटणं जाळीत अशा ठिकाणी टाकतात, की त्यांचा चौकोनच होऊ नये. खोक्यावर '१९ की अँटी-घोस्टिंग' लिहितात ते हेच. फसवणूक नाही ती, पण सगळ्या बटणांची हमीही नाही.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्यांचा, आणि तो सर्किट बोर्डावर डाग देऊन बसवलेला. तिथे डायोड सहज बसतो. हे स्विच पूर्वी परवडायचे नाहीत. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचचं पेटंट संपलं आणि चिनी कारखान्यांनी तसेच स्विच काढायला सुरुवात केली, तेव्हा भाव उतरले. आज दोन हजारांच्या आगेमागे बरा मेकॅनिकल मिळून जातो. रंगांची भाषा चेरीचीच राहिली आहे: लाल सरळ खाली जातो, तपकिरी वाटेत बोटाला हलका अडखळा देतो, निळा टकटक वाजतो. निळा घ्यायचा तर घरच्यांना विचारून घ्या. ज्यांच्या घरात खाली यंत्रमाग चालतो त्यांना काही फरक पडणार नाही म्हणा.

धातूवर धातू आपटला की तो उसळतो. शहाबादी फरशीवर गोटी टाकली की कशी टक-टक-टकटक करत थांबते, तसंच स्विचमध्ये होतं, फक्त काही मिलिसेकंदांत. चिप ती उसळी संपेपर्यंत थांबते आणि मगच एक अक्षर मोजते. स्विच झिजला किंवा आत धूळ गेली की उसळी लांबते आणि 'चटणी'ची 'चचटणी' होते. आपल्या गावात धुळीबरोबर टॉवेलच्या कारखान्यांतले कापसाचे तंतूही हवेत असतात. वर कीबोर्डासमोर बसून कडक भाकरी मोडणारे महाभाग आहेतच. म्हणून स्विच उपसून बदलता येतो का, हे विचारून घ्यावं. त्याला हॉट-स्वॅप म्हणतात.

आता लाइट. पुरेसा प्रखर निळा एलईडी १९९०च्या दशकात आला आणि लाल, हिरवा, निळा (आरजीबी) हे त्रिकूट पूर्ण झालं. त्या कामाला २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रत्येक बटणाखाली हे तीन एलईडी धरले तर झाले ३१२. एकेकाला २० मिलिअँपिअर दिले तर ६ अँपिअरच्या वर लागतील, आणि साध्या यूएसबी २.० पोर्टातून अधिकृतपणे मिळतात ५०० मिलिअँपिअर! मग भागतं कसं? सगळे दिवे एकाच वेळी लागलेलेच नसतात. प्रवाह कमी ठेवून एकेक ओळ आळीपाळीने पेटवतात, इतक्या झपाट्याने की डोळ्याला सगळं अखंड दिसतं. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये कीबोर्ड टिपून बघा, बहुतेक वेळा काळे पट्टे सरकताना दिसतील.

अकराशेच्या कीबोर्डात हे काहीच नव्हतं. तिथे रबराखाली मोजके ठरीव रंगांचे एलईडी: डावीकडे लाल, मध्ये हिरवा, उजवीकडे निळा. रंग बदलता येत नाहीत, फक्त चालू-बंद करता येतात. याला रेनबो म्हणतात, आरजीबी नव्हे. वाईट नाही, पण आरजीबी म्हणून पैसे देऊ नयेत.

उजेड अक्षरातून बाहेर कसा येतो तेही पाहायला हवं. एक बटण उपसून टोपीची खालची कड बघायची. कड दुधी आणि बाहेरून तेवढी काळी असेल, तर तो अर्धपारदर्शक प्लॅस्टिकवर मारलेला रंग आहे, आणि अक्षर लेझरने रंग खरवडून काढलंय. मे महिन्यातल्या घामाने आणि शेंगा चटणीच्या तेलाने तो रंग उडतो. कड आतपर्यंत काळी असेल, तर बहुधा डबल-शॉट, म्हणजे दोन प्लॅस्टिकं एकात एक ओतलेली; तिथे अक्षर झिजत नाही.

'१००० हर्ट्झ' या आकड्यावर मात्र मी फार वेळ घालवला नाही. १२५ हर्ट्झचा कीबोर्ड कॉम्प्युटरला दर ८ मिलिसेकंदांनी निरोप देतो, १००० चा दर एक मिलिसेकंदाने. स्क्रीनवर काही दिसून बोट हलायलाच माणसाला २०० मिलिसेकंद लागतात.

शेवटी लाल स्विचचा, डबल-शॉट, एकाच पांढऱ्या लाइटचा मेकॅनिकल घेतला, एकवीसशेला. भाचा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवसापासून रात्री दोनपर्यंत खेळायला लागला.

दिवसा त्याच कॉम्प्युटरवर ताई लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. टायपिंग इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत, आणि कीबोर्डावर एकही देवनागरी अक्षर नाही. तिने आठवड्याभरात कागदी स्टिकर आणून प्रत्येक बटणावर चिकटवले. आता रात्री 'क'ही उजळत नाही आणि इंग्रजी 'के'ही नाही. बटणांच्या फटींतून गळतो तेवढाच उजेड.