गॅरेजमध्ये न सापडणारा बिघाड

ट्रकवर पूर्ण भार, लांब चढ, इंजिन चांगलं तापलेलं. अशा वेळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडीची ताकद एकदम उतरते. चालक गाडी कडेला घेतो, चावी बंद करून पुन्हा फिरवतो, आणि सगळं जागच्या जागी. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर मेमरीत बिघाडाचा एक जुना कोड दिसतो, पण आत्ता बिघाड चालू नाही. मीटरने वायर तपासली, ठीक. सेन्सर तपासला, तोही ठीक. तरीही सेन्सर बदलला जातो, कारण गाडी अशीच परत कशी पाठवायची? पुढचे काही आठवडे गाडी व्यवस्थित चालते. मग पुन्हा तोच चढ, तोच दिवा.

नवा सेन्सर घातल्यावर गाडी काही दिवस खरोखरच सुधारते आणि म्हणूनच सगळ्यांची फसगत होते. ती का सुधारते हे कळण्यासाठी कनेक्टरच्या, म्हणजे सेन्सर आणि वायर जोडणाऱ्या प्लगच्या आत डोकवावं लागतं. पिन आणि तिची खाच डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. सगळी वीज तेवढ्याच ठिपक्यांतून जाते. इंजिनच्या थरथरीने आणि तापण्या-थंडावण्याने पिन खाचेत किंचित मागेपुढे सरकत राहते. हे सरकणं काही मायक्रोमीटरचं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पिनेवर बहुधा कथिलाचा मुलामा असतो. दर घासण्याला थोडं ताजं कथिल उघडं पडतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि त्या ऑक्साइडचा काळसर भुगा तिथेच साचतो. हा भुगा विजेला अडवतो. याला फ्रेटिंग करोजन म्हणतात. त्यामुळे रोध कायमचा वाढतो असं नाही. थरथरीबरोबर तो क्षणात उसळतो आणि क्षणात खाली येतो.

आता सेन्सर बदलताना काय होतं ते पाहा. कनेक्टर उपसला जातो आणि पुन्हा बसवला जातो. त्या एका घासण्याने भुगा खरवडला जातो, धातूला धातू भिडतो. दुरुस्ती झालेली असते ती कनेक्टरची, तीही तात्पुरती, पण श्रेय मिळतं नव्या सेन्सरला. काढलेला सेन्सर बहुतेकदा धडधाकट असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की अधूनमधून येणाऱ्या बिघाडात पहिला प्रश्न ‘कोणता पार्ट गेला?’ हा नसावा. ‘कोणत्या परिस्थितीत होतं?’ हा असावा.

मग मीटर ‘ठीक’ का म्हणतो? ट्रकच्या वायरमध्ये तांब्याच्या अनेक बारीक तारा असतात. त्यातल्या बहुतेक तुटून एकदोनच शिल्लक असल्या तरी ओहममीटरला जोड सलगच दिसतो, कारण तो स्वतः फार तर काही मिलिअँपिअर प्रवाह सोडतो. कमकुवतपणा उघडा पडतो तो भार आल्यावर. समजा जोडावर ०.२ ओहम रोध आहे. साध्या मीटरवर तो मीटरच्या स्वतःच्या वायरींच्या रोधात हरवून जातो. पण त्यातून १० अँपिअर वाहायला लागले की २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि २० वॅट उष्णता त्या एका जागी तयार होते. जागा तापते, जोड आणखी ढिला होतो. त्यामुळे जास्त प्रवाहाच्या सर्किटमध्ये खरी चाचणी व्होल्टेज ड्रॉपची: उपकरण चालू ठेवायचं आणि मीटरची टोकं त्याच वायरच्या दोन टोकांना लावायची. निरोगी वायरवर जवळपास शून्य दिसायला हवं. अर्थच्या, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या बाजूलाही हेच करायचं. इंजिन आणि चासी जोडणारी अर्थची पट्टी ढिली असेल तर स्टार्टरचे शेकडो अँपिअर परतीसाठी भलत्याच वाटा शोधतात आणि दूरच्या एखाद्या मॉड्यूलचं (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीचं) डोकं फिरल्यासारखं होतं.

सेन्सरची गोष्ट थोडी वेगळी. अनेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा सामायिक असतो. एकाची वायर घासून चासीला लागली की ते ५ व्होल्ट खाली येतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकाच क्षणी नोंदले जातात. तेव्हा त्या तीन-चार पार्टची यादी करण्यापेक्षा त्यांच्यात सामायिक काय आहे ते वायरिंगच्या नकाशावर शोधावं: पुरवठा, अर्थ किंवा एखादा कनेक्टर.

आजच्या ट्रकमध्ये मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ते कॅन बसवरून, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या सामायिक वायरींवरून. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. ट्रकमध्ये ती जे१९३९ या मानकानुसार वापरतात, वेग सेकंदाला २५० किंवा ५०० किलोबिट. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी. शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट, संदेश जाताना एक साडेतीनकडे चढते आणि दुसरी दीडकडे उतरते. दोन टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, म्हणून बॅटरीची जोडणी काढून दोन वायरींमध्ये मोजलं की ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एका टोकाचा रोधक सर्किटमध्ये नाही असं समजावं.

मला या व्यवस्थेतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो तिची चुकांची मोजणी. पाठवलेला संदेश बिघडला की मॉड्यूल आपल्या खात्यात ८ गुण वाढवतं आणि तोच संदेश आपोआप पुन्हा पाठवतं. नीट गेलेल्या संदेशामागे १ गुण कमी होतो. गुण २५५ च्या वर गेले की मॉड्यूल स्वतःहून बसवरून बाजूला होतं. म्हणजे कमकुवत जोड घेऊन ट्रक महिनोन्‌महिने विनातक्रार धावू शकतो, कारण चुका भरून निघत असतात. एखाद्या खडबडीत रस्त्यावर चुका दाटीने आल्या की मॉड्यूल गप्प होतं आणि बाकीची मॉड्यूल ‘माहिती मिळत नाही’ असा कोड नोंदवतात. चावी बंद-चालू केली की मोजणी शून्यापासून सुरू. कोड एकाच्या नावाचा असतो, दुखणं मात्र वाटेतल्या वायरीचं.

म्हणूनच स्कॅनर लावल्यावर कोड लगेच पुसून टाकणं हे मोठं नुकसान आहे. जे१९३९ च्या कोडमध्ये बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडाही असतो: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे प्रवाह कमी किंवा सर्किट तुटलेलं, २ म्हणजे माहिती अस्थिर. किती वेळा घडलं याचीही नोंद असते आणि बऱ्याच गाड्यांत त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनवरचा भारही साठवलेला असतो. हे सगळं आधी लिहून घ्यावं. त्याहून मोलाची चालकाची आठवण. पावसानंतर होतं का? डावीकडे वळताना? विशिष्ट ट्रेलर जोडल्यावरच? केबिन उचलून काम केल्यानंतर सुरू झालं का?

शेवटचा प्रश्न अनेकदा थेट जागेवर नेतो. केबिन पुढे झुकवताना तिच्या बिजागरीजवळची हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, दर वेळी वाकते. तारा आत तुटतात, वरचं आवरण शाबूत राहतं. तिथे ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) किंवा किमान-कमाल नोंदवणारा मीटर लावून हार्नेस वीत-वीतभर हलवत जावं. साधा मीटर सेकंदाला काही वेळाच वाचन बदलतो, त्यामुळे मिलिसेकंदाची उडी त्याच्या पडद्यावर दिसतही नाही. हलवून काही मिळालं नाही तर गरम हवा सोडून किंवा पाण्याचा फवारा मारून पाहावं. आवरण घासलेल्या जागेतून शिरलेलं पाणी तारांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने बरंच पुढे जातं आणि हिरवट थर दिसतो तो दूरच्याच कनेक्टरमध्ये.

वायर सुईने टोचून तपासू नये ते याचसाठी: त्या भोकातूनही पाणी शिरतं. तसंच मीटरची जाड टोचणी खाचेत खुपसली तर खाच फाकते आणि आपण नवा बिघाड तयार करतो. त्याच मापाची सुटी पिन खाचेत सरकवून ती पुरेशी घट्ट बसते का हे बोटांनी जाणवतं.

दोष सापडला की खराब तुकडा कापून क्रिंप (दाबून बसवलेला) जोड, त्यावर चिकट अस्तराची हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी, आणि कॅनच्या वायरी असतील तर पीळ पुन्हा जोडाच्या जवळपर्यंत. हार्नेस जिथे घासत होती तिथे नवी क्लिप. मग तोच भार, तोच चढ, इंजिन तेवढंच तापलेलं, स्कॅनर जोडलेला. आणि नोंदींचा आकडा पूर्वी होता तेवढाच आहे का, हे पाहायचं.