चष्मा आणि वैमानिकाची मुलाखत

‘चष्मा असलेल्याला विमान कंपनी मुलाखतीतच नाकारते’ हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि त्यापायी कित्येक हुशार मुले बारावीनंतर या वाटेला फिरकतही नाहीत, हे खरोखर क्लेशदायक आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेतील दृष्टीचे निकष पुष्कळ कडक असतात; तेच नागरी वैमानिकालाही लागू असावेत, असे लोक धरून चालतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांसाठीच्या, वैद्यकीय निकषांनुसार प्रत्येक डोळ्याची दूरचे पाहण्याची क्षमता किमान ६/९ (सामान्य डोळ्याला ९ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ असावी लागते, पण ती चष्मा लावून भरली तरी चालते. अट एवढीच की उड्डाणावेळी दुसरा चष्मा हाताशी हवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यालाही तो सोबत ठेवावाच लागतो, आणि लेन्स बिनरंगी व एकाच अंतरासाठीची असावी लागते. रंग ओळखण्याची चाचणी मात्र वेगळी असते, आणि तिथे चष्म्याचा उपयोग नसतो. त्यामुळे मुलाखतीला चष्मा लपवून जाऊ नये. वैद्यकीय प्रमाणपत्रावर त्याची नोंद असतेच, म्हणून विचारल्यास ते सरळ सांगावे आणि तयारीचा वेळ हवामान, विमानाच्या यंत्रणा व सहवैमानिकाशी समन्वय यांवरील प्रश्नांना द्यावा.