वादळ येण्याआधी वाचा: इन्व्हर्टरची बॅटरी रिकामी होऊन पडू देऊ नका

दापोली, मंडणगड आणि खेड परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि आपल्याकडच्या कित्येक वाड्यांमध्ये पुढचे काही आठवडे लाइट नव्हती. खांब आडवे, तारांवर माड पडलेले, रस्ते बंद. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. ते आपल्याकडे जमिनीवर आलंसुद्धा नाही, तरी लाइटची दाणादाण उडाली. पूर्वी वादळं बंगालच्या उपसागरात व्हायची आणि आपण बातम्यांत बघायचो. आता अरबी समुद्राचं पाणी तापलं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून २०२१ मध्ये दाखवलं की, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे चार-पाच दिवस लाइट नसणं हे आता अधूनमधून होणारच, असं धरून घर तयार ठेवायला हवं.

इन्व्हर्टर बहुतेकांकडे आहेच. पण तो एक-दोन तासांच्या भारनियमनासाठी कसा वापरायचा एवढंच आपल्याला माहीत असतं. वादळात तो तसाच वापरला की बॅटरी मरते. मग आम्हाला फोन येतो : "दोन वर्षंच झाली, वॉरंटीत आहे, बदलून द्या." हा फोन प्रत्येक वादळानंतर येतो आणि गणपतीच्या आधल्या आठवड्यातही येतो. दोन्ही वेळा कारण एकच असतं, म्हणून हे माहितीपत्रक.

बॅटरी मरते कशाने?

ती वापरल्याने मरत नाही. पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिल्याने मरते. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी होताना आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्जिंग मिळालं तर तो विरघळतो. आठ-दहा दिवस तसाच राहिला तर त्याचे कडक खडे बनतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी. वरून बघाल तर बॅटरी नवी कोरी दिसते, पाणी बरोबर असतं, पण लाइट गेली की अर्ध्या तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

याहून वाईट म्हणजे रिसेट. बॅटरी संपली की इन्व्हर्टर बीप देतो आणि थोड्या वेळाने स्वतःहून बंद होतो. बॅटरी वाचवण्यासाठीच तो बंद होतो. तासाभराने बटण दाबलं तर पंखा पुन्हा फिरतो, कारण विश्रांती मिळाल्यावर बॅटरीचा व्होल्टेज थोडा वर येतो. दहा मिनिटांनी परत बंद. परत बटण. घरात लहान मूल रडत असतं, उकाडा असतो, आम्हाला कळतं. पण प्रत्येक रिसेटला तुम्ही बॅटरी आणखी खोल ओढता. फार खाली गेलेली बॅटरी पुष्कळ इन्व्हर्टर ओळखतच नाहीत. लाइट आली तरी चार्जिंग सुरू होत नाही आणि तिला दुकानात आणून हळू चार्ज करावं लागतं. एकदा इन्व्हर्टर स्वतःहून बंद झाला की लाइट येईपर्यंत त्याला हात लावू नका. या पानातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

पहिल्या रात्रीचा हिशोब

१५० एएच (अँपिअर-तास) ची बॅटरी म्हणजे १२ व्होल्ट गुणिले १५०, कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली घट आणि तळाशी ठेवायचा साठा वगळला तर नव्या बॅटरीतून साधारण ११०० हाती येतात. जुना सिलिंग फॅन ७५ वॅट घेतो. दोन पंखे, चार एलईडी बल्ब आणि टीव्ही लावलात तर साडेचार-पाच तासांत खेळ संपतो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, एकही दिवा लावला नाही, तरी तो स्वतःसाठी दहा-वीस वॅट खातो, हे बहुतेकांना माहीत नसतं.

वादळ मोठं आहे, झाडं पडली आहेत, वायरमन सांगतो आहे की उद्या काही जमणार नाही. अशा वेळी पहिल्याच संध्याकाळी ठरवा की अर्धीच बॅटरी वापरायची. ज्यांच्या इन्व्हर्टरवर टक्के दिसतात त्यांनी ५० वर थांबावं. दिसत नसतील तर साधा मल्टिमीटर घ्या. इन्व्हर्टर बंद करून तासभर थांबा आणि बॅटरी मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. रोज संध्याकाळी चार तास एक बल्ब आणि मोबाइल चार्जिंग, बाकी वेळ इन्व्हर्टर समोरच्या बटणाने बंद, असं केलंत तर चार दिवस जातात आणि तरी निम्मी बॅटरी शिल्लक राहते. निम्म्यावर आठवडाभर थांबलेली बॅटरी परत येते. तळाला गेलेली येईलच असं नाही.

लाइट आली की इन्व्हर्टरचं बटण आठवणीने चालू करा. काही मॉडेल बटण बंद असताना चार्ज करत नाहीत.

रात्री पंखा हवाच असेल (आणि मे-जूनमध्ये तो हवाच असतो) तर निदान झोपायच्या खोलीत बीएलडीसी पंखा बसवा. तो तीसेक वॅटवर चालतो. असा एक पंखा, दोन बल्ब आणि वायफाय रात्रभर चालवूनही सकाळी निम्मी बॅटरी उरते. मोठी बॅटरी घेऊ का, असं विचारायला येणाऱ्यांना आम्ही आधी पंखा बदलायला सांगतो. त्यात आमची विक्री कमी होते, पण तुमचं काम होतं.

लाइट आली, तरी बॅटरी उतरतेच आहे

वादळानंतर पहिले काही दिवस विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असतो. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं : यूपीएस आणि इको (काहींवर नॉर्मल लिहिलेलं असतं). यूपीएसवर असेल तर दाब १८० व्होल्टच्या खाली गेला की इन्व्हर्टर ती लाइट घेतच नाही, बॅटरीवर चालत राहतो. शेजारी लाइट आलेली असते, तुमचा बल्बही लागलेला असतो, आणि बॅटरी मात्र रिकामी होत असते. घरात कॉम्प्युटर नसेल तर ते बटण इकोवरच ठेवा. इकोवर इन्व्हर्टर बऱ्याच कमी दाबावरही चार्जिंग करतो.

टीव्ही आणि फ्रिजचे प्लग मात्र लाइट आल्या आल्या लावू नका. खांबावर न्यूट्रल तुटलेला असेल तर घरात दुपटीच्या जवळपास दाब येऊ शकतो. आधी एक बल्ब लावून बघा. तो नेहमीपेक्षा पांढराफटक तेजस्वी दिसला तर मेन स्विच पाडा आणि १९१२ वर महावितरणला कळवा.

चाकरमान्यांची घरं

मे महिन्याची सुट्टी संपली, घराला कुलूप लागलं. जाताना सुरक्षिततेसाठी मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर मात्र चालूच राहिला. बंद घरात, एकही दिवा न लावता, तो चार-सहा दिवसांत बॅटरी तळाला नेतो. मग गणपतीपर्यंत बॅटरी रिकामी पडून. तीन महिने. इथे कुठल्याच कंपनीची बॅटरी टिकत नाही, आणि नेमक्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे द्यायला माणूसही नसतो.

घर बंद करताना आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरू द्या, पाणी बघा, मग इन्व्हर्टर समोरून बंद करा आणि मेन पाडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. ती सोडता येत नसेल तर आम्हाला निघण्याआधी दोन दिवस सांगा. शेजारी किंवा नात्यातलं कोणी महिन्यातून एकदा येऊन दिवसभर चार्जिंग लावून गेलं तर उत्तमच. गावात कोणी नसेल, तर पावसाळ्यात महिन्याला एक फेरी मारून चार्जिंग आणि पाणी बघायचं काम आम्ही घेतो. त्याचे दर दुकानात लावलेले आहेत.

आम्ही काही गोष्टींना नाही म्हणतो

फ्रिज, पाण्याचा पंप, मिक्सर, गीझर आम्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडत नाही. "दुसरा दुकानवाला करून देतो" असं ऐकायला मिळतं, आणि तो करूनही देत असेल. एक एचपीचा पंप सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट ओढतो, आणि तो झटका घरगुती इन्व्हर्टरला सोसत नाही. पाण्याची सोय वेगळी करा. हवामान खातं चक्रीवादळाची पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी देतं. त्या तीन दिवसांत टाकी, पिंप, कळश्या भरून घ्या आणि विहिरीवर दोर-बालदी ठेवा. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो. इन्सुलिन असेल तर लाइट गेल्यावर ते कसं ठेवायचं हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरांनी आम्हाला जरूर सांगावं. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं, म्हणजे एका बॅटरीवर तीन तास. त्या भरवशावर राहता येत नाही, भरलेला सिलिंडर घरात हवाच.

"बॅकअप किती तास, लिहून द्या," हेही आम्ही देत नाही. तास तुमच्या बटणांवर ठरतात.

वॉरंटीबद्दल. कंपनी बॅटरी घेते, पूर्ण चार्ज करते, मग लोड टेस्ट लावते, म्हणजे भार लावून ती किती टिकते ते बघते. नुसती रिकामी झालेली बॅटरी कंपनीच्या लेखी बिघडलेली नसते. या तपासणीला दोन-तीन दिवस जातातच, आणि वादळानंतर दुकानात बॅटऱ्यांची रांग लागते तेव्हा जास्तही. आम्ही दुकानात जनरेटर लावून सगळ्यांच्या बॅटऱ्या चार्ज करतो. निम्मी चार्ज असलेली बॅटरी पाच-सहा तासांत परत जाते. तळाला गेलेली एक बॅटरी चार्जर पूर्ण दिवस अडवून ठेवते आणि मागचे चार लोक ताटकळतात. म्हणून अशा वेळी निम्म्या चार्ज असलेल्या बॅटऱ्या आम्ही आधी घेतो. काहींना याचा राग येतो, पण रांग यानेच सरकते.

बॅटरी आणताना बाइकवर आडवी घालू नका. ५५-६० किलोचं वजन असतं आणि आत ॲसिड असतं. रिक्षातून, उभी, झाकणं घट्ट लावून आणा.

जनरेटर आणि सोलर

लहान पेट्रोल जनरेटर असेल तर इन्व्हर्टरची इनपुट पिन काढून थेट त्यालाच लावा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये जनरेटरची वायर घालून घर चालवू नका. तो करंट मीटरमधून उलटा लाइनवर जातो, आणि आपली लाइट आणण्यासाठी खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. घर जनरेटरवर घ्यायचंच असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) लागतो, आम्ही तो बसवून देतो. जनरेटर पडवीतही नको, अंगणात, खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या वायूला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेतो.

पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर बसवलेली मंडळी हल्ली निर्धास्त असतात. त्यांच्यासाठी महत्त्वाचं : ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) सोलर, लाइट गेली की स्वतःहून बंद होतो. वायरमनच्या सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी घरात अंधार. लाइट नसताना सोलर हवा तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. ज्यांना एवढा खर्च नको त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे : तुमच्या आहे त्या बॅटरीला एक-दोन पॅनल आणि चार्ज कंट्रोलर. वादळ सरल्यावर दोन-तीन दिवसांत ऊन पडतंच. एवढ्याने बॅटरी तळाला जाण्यापासून वाचते, आणि तीच मुख्य गोष्ट आहे. पॅनल कौलांवर बसवायचे की स्लॅबवर, वाऱ्याला किती क्लॅम्प लागतील, हे घर बघूनच सांगता येतं.

पाणी, मीठ आणि पूर

पाणी फक्त डिस्टिल्ड. विहिरीचं नको, पावसाचं नको. चार्ज झाल्यावर टाका, आधी नाही, नाहीतर चार्जिंगला ॲसिड वर येऊन सांडतं. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकं आधी घाला. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर चढतो. पुसून पेट्रोलियम जेली लावा. खाडीकाठच्या घरांनी बॅटरी जमिनीवर ठेवूच नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. माडीवर किंवा उंच स्टँडवर, हवेशीर जागी ठेवा. पाणी घरात शिरलंच तर इन्व्हर्टरला हात न लावता, कोरड्या जागेवरून पोचता येत असेल तरच मेन पाडा.

फोन करण्याआधी

तीन गोष्टी बघून ठेवा : लाइट कधी गेली, इन्व्हर्टर स्वतःहून बंद झाला की तुम्ही केला, आणि त्यावर आत्ता कोणता दिवा लागलेला आहे. समोरच्या बाजूचा फोटो पाठवलात तर निम्म्या वेळा आम्हाला यावंच लागत नाही आणि तुमचे भेटीचे पैसेही वाचतात. आमचा नंबर बॅटरीवरच्या स्टिकरवर आहे. तो कागदावरही लिहून ठेवा, मोबाइल बंद पडल्यावर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येईल.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी आम्ही मे महिन्यात करतो. त्यात लोड टेस्ट, पाणी, टर्मिनल आणि यूपीएस-इको बटण बघतो. नावं एप्रिलपासून घेतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नाव दिलंत तर वादळाआधी येणं होईलच असं नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड वहाळात ओततो. ती आमच्याकडे आणा, नव्या बॅटरीच्या बिलातून तिची किंमत वजा करून देतो.