घोस्ट मारलेले पीसी आणि एसआयडीचा घोळ: थोडी पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विंडोजचे अपडेट आले आणि अनेक नेटवर्कवर एकाच प्रकारची तक्रार सुरू झाली. पासवर्ड बरोबर असूनही शेअर केलेला फोल्डर उघडेना, रिमोट डेस्कटॉप पुन्हा पुन्हा पासवर्ड मागू लागला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६१६७ क्रमांकाची नोंद सापडायची, मशीनची ओळख अर्धवटच जुळते असं सांगणारी. विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या आणि सर्व्हर २०२५ या तिघांवर हा प्रकार होता. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कारण सांगितलं. एकाच इमेजवरून (डिस्कच्या हुबेहूब नकलेवरून), मशीनची ओळख पुसणारं सिसप्रेप हे टूल न चालवता उतरवलेल्या मशिन्सचे एसआयडी, म्हणजे विंडोजचे ओळख क्रमांक, सारखे असतात, आणि ते आता तपासले जातात.

जुन्या कॉम्प्युटर लॅबवाल्यांनी हे वाचून कपाळाला हात लावला. सारख्या एसआयडीने काही बिघडत नाही, असं याच कंपनीच्या माणसाने २००९ मध्ये सविस्तर लिहून ठेवलं होतं.

मशीनपुढे माणूस न बसवता सिस्टिम टाकायची खटपट विंडोजच्या आधीपासूनची आहे. नेटवर्कवरून बूट होण्यासाठीचा बूटपी हा प्रोटोकॉल १९८५ चा, फाइल पाठवणारा टीएफटीपी त्याहून जुना. सोलारिस या युनिक्सला जंपस्टार्ट होता, रेड हॅट लिनक्सला किकस्टार्ट आला, आणि डेबियन लिनक्ससाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठात १९९९ मध्ये फाय सुरू झालं. त्याच वर्षी पीएक्सईचं २.१ स्पेसिफिकेशन आलं आणि नेटवर्क कार्डावरून बूट होणं ही रोजची गोष्ट झाली. या सगळ्या युनिक्सी मंडळींची रीत एकच होती: प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि इन्स्टॉलेशन दर वेळी नव्याने करायचं. प्रत्येक मशीन नव्याने जन्माला येत असल्यामुळे दोघांची ओळख एक होण्याचा प्रश्नच नव्हता.

विंडोजलाही उत्तरांची फाइल होती, विंडोज २००० बरोबर नेटवर्कवरून विंडोज टाकणारं आरआयएसही आलं. पण आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये ते क्वचितच कोणी वापरलं. एक्सपीच्या सेटअपमध्ये ती प्रसिद्ध ‘३९ मिनिटं’ यायची आणि ती ३९ मिनिटांत कधीच संपायची नाहीत. साटा डिस्क असेल तर सुरुवातीलाच एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. मग २५ अक्षरांची की, मग प्रिंटर, टर्बो सी, ओरॅकल, अँटिव्हायरस. एका पीसीला अर्धा दिवस सहज जाई. सबमिशनच्या आठवड्यात साठ पीसींची लॅब व्हायरसने बसली, की लॅब असिस्टंटपुढे एकच रस्ता उरायचा: घोस्ट मारणे.

घोस्ट मूळचं न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका छोट्या कंपनीचं. १९९८ मध्ये ती कंपनी एका अँटिव्हायरसवाल्या मोठ्या कंपनीने घेतली. आपल्याकडे हे नाव क्रियापदासारखं रुळलं. एक मास्टर पीसी नीट तयार करायचा, त्याच्या सी ड्राइव्हची इमेज काढायची आणि बाकीच्यांवर ओतायची. मल्टिकास्टची, म्हणजे एकच प्रत एकाच वेळी सगळ्यांना पाठवण्याची, गंमत इथे कळायची. पाच जीबीची इमेज १०० एमबीपीएसच्या तारेवरून एका पीसीला जायला हिशेबाने सात मिनिटं लागतात. तीस पीसींना वेगवेगळी पाठवली तर साडेतीन तास, आणि मल्टिकास्टने सगळ्यांना मिळून पुन्हा सातच. अर्थात कागदावर. एखाद्या पीसीची हार्ड डिस्क आचके देत असली की बाकीचे एकोणतीस तिच्या चालीने चालायचे. आम्ही तो पीसी हुडकून त्याची केबल उपटायचो, की बार सरसर पुढे सरकायचा. मदरबोर्ड वेगळा निघाला तर निळी स्क्रीन आणि त्यावर ७बी, म्हणजे बूट डिस्क सापडत नाही असा एरर. त्याची इमेज वेगळी काढायची.

सिसप्रेप कोणी करायचं नाही. आम्हीही केलं नाही.

घोळ इथून सुरू होतो आणि निम्मा घोळ शब्दाचा आहे. एसआयडी म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. पहिला मशीनचा स्वतःचा. तो सेटअपच्या वेळी तयार होतो आणि त्या मशीनवरच्या लोकल युझरचा नंबर त्याच्यापुढे शेपटीसारखा लागतो. दुसरा, मशीन डोमेनला, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती नेटवर्क व्यवस्थेला, जोडल्यावर डोमेन तिच्या खात्याला देतो तो. इमेज ओतली की पहिला सगळीकडे सारखा होतो. दुसरा मात्र प्रत्येक मशीन वेगळी जोडली असेल तर वेगळाच राहतो. ‘आमचे एसआयडी डुप्लिकेट आहेत’ असं कोणी म्हणालं, की आधी कुठला ते विचारावं लागतं.

विंडोज एनटीच्या काळात मायक्रोसॉफ्टची भूमिका सरळ होती: इन्स्टॉल केलेल्या विंडोजची डिस्क कॉपी करू नका. पुढे सिसप्रेप आलं, आणि कॉपी करायचीच असेल तर त्यातून जा असं ठरलं. पण सिसप्रेपची कटकट होती. मशीन पुन्हा नव्यासारखी होऊन प्रश्न विचारू लागायची, केलेली सेटिंग्ज हातची जायची. म्हणून इमेज ओतल्यानंतर एसआयडी बदलून देणारी टूल्स आली. घोस्टबरोबर घोस्ट वॉकर यायचं, आणि १९९७ मध्ये लिहिलेलं न्यूसिड फुकट मिळायचं. फुकट म्हटल्यावर ते सगळ्यांच्या सीडीत असायचं.

नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूसिडच्या लेखकानेच ते मागे घेतलं. तोवर तो विंडोजच्या कंपनीत नोकरीला लागला होता. त्याचा युक्तिवाद असा: मशीनचा एसआयडी त्या मशीनच्या बाहेर जातच नाही. लोकल खात्याने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करता तेव्हा तिकडचं नाव आणि पासवर्ड चालतो, इकडचा एसआयडी कोणी पाहत नाही. मग तो सारखा असला तरी काय बिघडलं? डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचा, अपवाद त्याने मान्य केला, कारण पहिल्या कंट्रोलरचा एसआयडी हाच डोमेनचा एसआयडी होतो.

त्या दिवशीपुरता युक्तिवाद बरोबर होता. किरकोळ भोक होतंच. एनटीएफएसची (फाइल कोणी उघडायची हे एसआयडीवरून ठरवणाऱ्या पद्धतीची) पेन ड्राइव्ह एका क्लोनवरून दुसऱ्यावर नेली, तर इथल्या पहिल्या युझरच्या खासगी फाइल्स तिथला पहिला युझर खुशाल उघडायचा, कारण एसआयडी आणि शेपटी दोन्ही सारखी. त्याच लिखाणात, एसआयडी सोडला तरी इतर गोष्टींसाठी सिसप्रेप हवंच, हेही स्पष्ट लिहिलं होतं. पण लोकांनी मथळा वाचला. ‘एसआयडी ही अंधश्रद्धा आहे’ एवढंच तोंडोतोंडी पसरलं आणि सिसप्रेप न करणाऱ्यांना कंपनीचाच दाखला मिळाला. माझ्या मते चूक लिहिणाऱ्याची कमी आणि कंपनीची जास्त. कुठलाही घटक उद्या ज्यावर विसंबू शकतो अशा ओळखीला एकदा निरुपद्रवी म्हटलं, की ते शब्द परत घेता येत नाहीत.

‘इतर गोष्टी’ खऱ्याच त्रास द्यायच्या. अपडेट वाटणाऱ्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरच्या यादीत साठपैकी एकच पीसी दिसायचा, आणि तोही दर थोड्या वेळाने नाव बदलायचा, कारण अपडेट क्लायंटचा आयडीही इमेजबरोबर सगळीकडे गेलेला. केएमएस अॅक्टिव्हेशनला, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून विंडोज अॅक्टिव्हेट करायला, किमान २५ क्लायंट लागतात. शंभर क्लोन लावले तरी मोजणी एकच्या पुढे सरकायची नाही. लिनक्सवाल्यांनी यावर फार हसू नये. मशीन-आयडीची फाइल न पुसता क्लोन केलेल्या उबंटू १८.०४ च्या व्हर्च्युअल मशिन्स आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून एकच आयपी घेऊन भांडत बसायच्या.

दरम्यान व्हिस्टापासून डब्ल्यूआयएम ही हार्डवेअरवर फारशी न अडणारी इमेज आली आणि निळ्या स्क्रीनचा जाच बराच कमी झाला. पुढे विंडोज उतरवण्याचं एमडीटी हे टूल आलं, २०१७ मध्ये ऑटोपायलट. ऑटोपायलटमध्ये इमेज ओतायचीच नसते, कारखान्यातून आलेली विंडोज जागेवर कॉन्फिगर होते. पण सिसप्रेप सोपं झालं नाही. विंडोज ८ पासून स्टोअरचं एखादं अॅप एकाच युझरपुरतं अपडेट झालेलं असलं, तरी सिसप्रेप फेटल एरर देऊन थांबायचं. कंटाळून लोकांनी नुसती डिस्क कॉपी केली, आणि व्हर्च्युअल मशीनच्या जमान्यात कॉपी करायला राइट क्लिक पुरेसं झालं.

त्या कॉप्या आता अडकल्या आहेत. कंपनीचा कायमचा उपाय म्हणजे त्या मशिन्स योग्य रीतीने पुन्हा बांधणं. तात्पुरता उपाय म्हणजे एक खास ग्रुप पॉलिसी (विंडोजची मध्यवर्ती सेटिंग), तीही सपोर्टकडे मागावी लागते. आपल्याकडे किती मशिन्स अशा आहेत ते बघायला पीएसगेटसिड चालवावं लागतं. ते न्यूसिडच्याच संचातलं, आणि अजून डाउनलोडला आहे.