रेनजॅकेट धुतलं की खराब होतं?
'वॉटरप्रूफ जॅकेट धुवू नये, पाणी आत यायला लागतं' हा समज जुना आहे आणि नेमका उलटा आहे. पाणी अडवतो तो आतला पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन. बाहेरच्या कापडावर असतो तो फक्त थेंब घरंगळवणारा लेप. त्यावर घाम, तेलकटपणा, धूळ बसली की कापड भिजून जड होतं आणि आतली वाफ कोंडते. अंग ओलं होतं स्वतःच्याच घामानं, दोष मात्र गळतीला!

चेन लावून ३० अंशांच्या पाण्यात थोड्या लिक्विड डिटर्जंटनं धुवा, दोनदा खळबळा. सॉफ्टनर अजिबात नको. लेबल परवानगी देत असेल तर कमी उष्णतेवर ड्रायरमध्ये २० मिनिटं फिरवा. उष्णतेनं लेप पुन्हा कामाला लागतो. तरीही थेंब घसरत नसतील तर या लेपाचा नवा स्प्रे मारा.