मराठीचे कोश मोफत कसे झाले

मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला लीळाचरित्र वाचताना शब्द अडला, तर आज तो हातातल्या मोबाइलवर चार-पाच कोश चाळू शकतो आणि त्यासाठी त्याला एक पैसाही पडत नाही. तीस वर्षांपूर्वी याच कामासाठी मोठ्या ग्रंथालयाचा संदर्भ विभाग गाठावा लागे. महाराष्ट्र शब्दकोशाचे जाडजूड विभाग घरी नेता येत नसत. तालुक्याच्या महाविद्यालयात ते असतीलच याचीही खात्री नव्हती. जिथे होते तिथे एखादा विभाग हमखास गहाळ. अडलेला शब्द नेमका त्याच विभागात असे, ही तक्रार त्या पिढीतल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी केलेली आहे.

हा बदल मोठा आहे, पण तो कसा घडला हे वर्गात फारसे सांगितले जात नाही. हे साहित्य ज्यांनी केले आणि ज्यांनी त्याला पैसा पुरवला त्यांची नावे विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवीत, असे मला मनापासून वाटते. आज मोफत मिळणाऱ्या प्रत्येक कोशामागे कोणाच्या तरी खिशातून, सरकारी तिजोरीतून किंवा वर्गणीतून गेलेला पैसा आहे आणि माणसांच्या आयुष्याची वर्षे आहेत.

सुरुवात मोल्सवर्थपासूनच करावी लागते. जेम्स टॉमस मोल्सवर्थ कोवळ्या वयात कंपनीच्या सैन्यात भरती होऊन १८१२ साली हिंदुस्थानात आला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी मुलखाचा कारभार कंपनीकडे आला, तेव्हा अंमलदारांना रयतेची भाषा कळणे गरजेचे झाले. १८२५ च्या सुमारास सरकारने कोशाचे काम हाती घेतले. टॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ मोल्सवर्थच्या जोडीला होते. पण शब्द गोळा करण्याचे, त्यांचे अर्थ लावण्याचे खरे ओझे शास्त्रीमंडळींनी उचलले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले यांचा मराठी-मराठी कोश १८२९ मध्ये छापून निघाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्यानंतर, १८३१ मध्ये आला. आज मोल्सवर्थचे नाव घरोघर आहे आणि या सहा जणांची नावे मराठीच्या अनेक पदवीधरांनाही सांगता येत नाहीत. हा अन्याय आहे, आणि तो संकेतस्थळांवरही तसाच उतरला आहे.

१८५७ साली दुसरी, वाढवलेली आवृत्ती मुंबईच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात सरकारसाठी छापली गेली. सुमारे साठ हजार शब्दांचा हा ग्रंथ पुढे शंभरावर वर्षे टिकला. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने त्याचे पुनर्मुद्रण केले. आज इंटरनेटच्या जाळ्यावर दिसतो तो याच १८५७ च्या आवृत्तीचा मजकूर.

तो तिथे पोहोचला शिकागोमार्गे, आणि त्या वाटेत आपल्या रेशनच्या दुकानाचाही संबंध येतो. १९५४ मध्ये अमेरिकेत 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा झाला. त्याअन्वये भारताने अमेरिकेकडून धान्य घेतले आणि त्याची किंमत रुपयांत चुकती केली. पीएल ४८० हे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला मिलो या तांबड्या ज्वारीमुळे आणि आयात गव्हामुळे आठवते. हे रुपये अमेरिकेला भारतातच खर्च करायचे होते. १९६२ पासून त्यातला काही भाग भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेण्यासाठी वापरला गेला. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे दिल्ली कार्यालय ही खरेदी करी आणि प्रती तिकडच्या विद्यापीठांना पाठवी. शिकागो विद्यापीठ त्यांपैकी एक. मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती काही याच खरेदीतून जाळ्यावर आली असे नाही. पण दक्षिण आशियाई भाषांचा मोठा संग्रह आणि तो सांभाळणारी जाणकार माणसे अमेरिकी विद्यापीठांत उभी राहिली, त्यात या खरेदीचा वाटा फार मोठा.

या पायावर शिकागोत 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी' उभी राहिली. १९९९ च्या सुमारास अमेरिकी शिक्षण खात्याच्या निधीतून दक्षिण आशियाई भाषांचे कोश जाळ्यावर आणण्याचा प्रकल्प तिथे सुरू झाला. मराठीच्या वाट्याला पाच कोश आले. मोल्सवर्थ त्यातला पहिला. दुसरा श्रीधर गणेश वझे यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश. तिसरा यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये आली. चौथा मॅक्सीन बर्नसन यांचा, १९८२-८३ मध्ये निघालेला मूलभूत मराठी-इंग्रजी कोश. बर्नसनबाई अमेरिकेतून आल्या आणि फलटणला स्थायिक झाल्या. तिथल्या शाळेच्या कामामुळे त्या महाराष्ट्राला परिचित आहेत. पाचवा शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, १९९९ चा. तो शिलालेख आणि महानुभाव, वारकरी ग्रंथांतले शब्द ग्रंथांच्या दाखल्यांसह देतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यातला सर्वांत मोलाचा कोणता असे विचाराल, तर मी दात्यांच्या कोशाकडे बोट दाखवीन. तो नुसता अर्थ सांगून थांबत नाही. ज्ञानेश्वरी, एकनाथ, तुकाराम, मोरोपंत, बखरी, ऐतिहासिक पत्रे यांतले वापराचे दाखले तो देतो, आणि शब्द कोकणातला, राजापूरकडचा की गोव्याचा हेही कंसातल्या खुणेने नोंदवतो. गोमंतकातल्या विद्यार्थ्याला आजीच्या तोंडचा शब्द तिथे सापडतो. एका शब्दाचे पाच-सहा शतकांतले वळण एका नोंदीत दिसणे ही चैन पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोजक्या अभ्यासकांनाच परवडत होती.

हे सगळे कोश मजकूर म्हणून टंकित झाले, म्हणून त्यांत शोध घेता येतो. पानांचे नुसते फोटो जाळ्यावर टाकणे आणि मजकूर टंकून ठेवणे यांत फार मोठे अंतर आहे. मराठीला ते पार करायला बराच काळ लागला. त्याचे एक कारण अक्षरांच्या संकेतांत होते. १९९० च्या दशकात मराठी संगणकावर टंकली जात होती, पण ज्या त्या कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्याचा अंतर्गत संकेतही वेगळा. एका फॉन्टमध्ये टंकलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी केलेले काम आणि १९९१ चा इस्की हा प्रमाणसंकेत या वाटेवरचे टप्पे. पण जगभर सगळीकडे एकसारखी दिसणारी देवनागरी युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतामुळे मिळाली. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा 'मंगल' फॉन्ट आला. त्याची रचना केली होती र. कृ. जोशी यांनी, आणि ते मराठीतले कवी आणि सुलेखनकार होते. जाळ्यावर मराठी कविता आज वाचता येते, त्यात एका मराठी कवीच्या अक्षरदृष्टीचा हात आहे, ही गोष्ट मला फार आनंद देते.

युनिकोड रुळल्यावर वेग आला. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढे मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके पान न् पान टंकून, ताडून ठेवायला घेतली. विखुरलेले कोश एकाच ठिकाणी शोधता यावेत म्हणून 'बृहद्कोश' हा उपक्रमही उत्साही मंडळींनी उभारला. त्यात शासनाच्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांतल्या संज्ञाही सापडतात. मराठीच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा तो उघडावा आणि मग मूळ कोशाकडे जावे, असा माझा सल्ला आहे.

ज्ञानकोशांची कथा वेगळी, कारण तिथे पैसा उभारण्याचे दोन अगदी निरनिराळे मार्ग दिसतात. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतले आणि त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढायचे मनात घेतले. सरकारी आश्रय नव्हता, म्हणून त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनीच काढली. तिचे भाग (शेअर) विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड निघाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड, त्यानंतर अकारविल्हे नोंदी, शेवटी पुरवणी आणि सूची. कारकुनापासून वकिलापर्यंत ज्या मध्यमवर्गीय माणसांनी हप्त्या-हप्त्याने पैसे भरले, त्यांच्या बळावर मराठीला आधुनिक ज्ञानकोश मिळाला. हा कोश मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने जाळ्यावर सर्वांसाठी खुला केला. त्यातली शास्त्रीय माहिती आज जुनी झाली आहे. पण १९२० च्या दशकातला मराठी विचार कसा होता हे पाहायचे, तर हा कोश अस्सल साधन आहे.

दुसरा मार्ग राज्य सरकारचा. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाणांनी साहित्य आणि संस्कृती मंडळ नेमले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मंडळाच्या मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईत बसवले गेले. कृष्णाकाठच्या त्या गावात बसून संपादकांनी विज्ञानापासून नाट्यशास्त्रापर्यंतच्या नोंदी मराठीत घडवल्या, लागेल तिथे परिभाषा नव्याने घडवली. म्हणूनच परिभाषासंग्रहाचा अठरावा खंड आधी, १९७३ मध्ये निघाला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले. तर्कतीर्थ १९९४ साली गेले, तोवर तेच अध्यक्ष होते. वीस खंड पुरे व्हायला २०१५ साल उजाडले. छापील संच घेणे ही सामान्य कुटुंबाला न झेपणारी गोष्ट होती. आता सगळे खंड संकेतस्थळावर शोधता येतात आणि विषयवार ज्ञानमंडळे नव्या नोंदी घालत असतात. भारतीय साहित्यांवरच्या, वाङ्मयप्रकारांवरच्या, समीक्षेतल्या संज्ञांवरच्या त्यातल्या नोंदी पदव्युत्तर विद्यार्थ्याने उताऱ्यासाठी नव्हे, नीट बसून वाचण्यासाठी उघडाव्यात. त्या तोलामोलाच्या माणसांनी लिहिल्या आहेत.

पुस्तकांच्या बाबतीत चित्र इतके नीटस नाही. २००० च्या दशकात भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली लक्षावधी पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर. काही वर्षांनी ते संकेतस्थळ बंद पडले. स्वामित्वहक्काचे प्रश्न होतेच. सुदैवाने त्यातला मोठा साठा 'इंटरनेट आर्काइव्ह'वर जतन झाला होता. पण तिथे पुस्तक शोधणे हेच एक काम आहे. शीर्षके रोमन लिपीत जशी जमली तशी भरलेली, एकाच ग्रंथाची तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली नावे, लेखकाच्या जागी कधी संपादक तर कधी प्रकाशक. ग्रंथालयशास्त्राच्या जाणकाराने घटकाभर नजर घातली असती तर टळले असते, इतक्या साध्या चुका आहेत या. राज्य मराठी विकास संस्थेने केलेले काम या तुलनेत समाधान देते. १८६७ पर्यंत छापलेली मराठी पुस्तके, ज्यांना अ. का. प्रियोळकर 'दोलामुद्रिते' म्हणत, तिने वाचकांसाठी खुली केली. १८६७ साली पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला, म्हणून ती सीमारेषा.

एक सावधगिरी शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. मोल्सवर्थचा कोश एकोणिसाव्या शतकातला आहे, गोऱ्या अंमलदारांनी आणि ब्राह्मण शास्त्र्यांनी मिळून केलेला आहे. कष्टकऱ्यांच्या, बायकांच्या, खेड्यांतल्या तोंडचे शब्द त्यात आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच शब्दांवर हलके, ग्राम्य असा शिक्का मारलेला आहे. जातींची वर्णनेही त्या काळच्या पूर्वग्रहांसह आली आहेत. कोश मोफत आहे, सोयीचा आहे, म्हणून त्याचा निवाडा अंतिम मानून प्रबंधात उतरवू नये.

आता स्वामित्वहक्काचा मुद्दा, कारण विद्यार्थ्याची खरी अडचण तिथेच आहे. १९५७ च्या भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकत असे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले. त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार, तेव्हा ही मुदत साठ वर्षांवर नेण्यात आली आणि १९९२ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. या एका बदलाने मराठीचीही वेळापत्रके पुढे सरकली. १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचे लेखन १ जानेवारी २०११ ला सर्वांचे झाले. बा. सी. मर्ढेकरांचे २०१७ च्या आरंभी. केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी, बालकवी, लक्ष्मीबाई टिळक यांच्या ग्रंथांवर आता कोणाचाच अडथळा नाही. पण जी. ए. कुलकर्णींच्या कथा १ जानेवारी २०४८ पूर्वी आणि कुसुमाग्रजांच्या कविता १ जानेवारी २०६० पूर्वी मुक्त होणार नाहीत.

याचा परिणाम अभ्यासक्रमावर सरळ दिसतो. प्राचीन मराठीच्या पेपरासाठी विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ, कोश, संदर्भ सगळे मोफत मिळते. साठोत्तरी साहित्याच्या पेपरासाठी त्याच्याकडे बेकायदा पीडीएफ किंवा ग्रंथालयातली एकुलती एक प्रत उरते. लेखकांनी आणि वारसांनी मानधन मागणे रास्तच आहे, त्यांच्या कष्टावर विद्यार्थ्यांची सोय बसवणे मला पटत नाही. मात्र जे ग्रंथ सार्वजनिक पैशातून निघाले, त्यांच्याबाबत हा पेच नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये काढलेले महात्मा फुले समग्र वाङ्मय आणि मंडळाची इतर कितीतरी प्रकाशने संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. यांतल्या बऱ्याच प्रती मात्र पानांची चित्रे म्हणून ठेवलेल्या आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-आज्ञावलीला त्या वाचता येत नाहीत. शिकागोत पाच मराठी कोशांसाठी जे झाले, ते मंडळाने आपल्या ग्रंथांसाठी करावे. हक्क त्यांचेच आहेत, आणि अक्षरांचा संकेतही आता सगळीकडे एकच आहे.